‘घरगुती वापराची’ व्हॅन विकणाऱ्या सज्जनास

रा. रा. गाडीविक्रेते महाशय यांस,


पत्रास कारण की, तुमचा फोन लागत नाही. आधी तो व्यस्त असायचा, मग उचलला जाईना, आता संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. पाटगावच्या वर रेंज जाते हे अख्ख्या भुदरगड तालुक्याला ठाऊक आहे. पण तुम्ही पावसाळ्यापासून तिकडंच मध गोळा करत बसला आहात, यावर विश्वास ठेवायला मन तयार होत नाही. तेव्हा म्हटलं, उघडंच लिहावं. नाव घालत नाही. गारगोटीच्या बाजारपेठेत ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांना तुम्ही गाड्या विकल्या आहेत त्यांना तर शीर्षकातच कळलं असेल.

व्हॅनची खुशाली आधी कळवतो. २००५ सालची, पांढरी, एमएच ०९ची ओम्नी सध्या मिस्त्रींच्या शेडात आहे. पुढच्या दोन्ही सीटा काढून भिंतीला टेकवल्या आहेत, इंजिनचं हेड गोणपाटावर आहे आणि सरकता दरवाजा मी दुकानात नेऊन ठेवला आहे, कारण तो आता सरकत नाही, निघतो.

सौदा ठरला त्या दिवशीची तुमची वाक्यं मला पाठ आहेत. ‘‘घरगुती वापर हाय. एका हातातली हाय. इंजिनाला हात लावायचं काम न्हाई. पत्रा वरिजनल. पासिंग हाय, इन्शुरन्स हाय. चावी मारायची आनि सुटायचं.’’ एवढं सगळं तुम्ही टपावर तळहात ठेवून एका दमात म्हणालात आणि पासष्ट हजार मोजून घेतलेत. चहाचे पैसे मात्र तुम्ही दिलेत. या व्यवहारात तुमच्या खिशातून गेलेली तेवढीच रक्कम मला आजवर सापडली आहे.

गाडीच्या जातीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही सगळं खापर कंपनीवर फोडून मोकळे व्हाल. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पाठोपाठ १९८४ साली तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन ही व्हॅन आली. १९८८ साली तिला ओम्नी हे नाव मिळालं, २०१९ साली ती बंद झाली. पस्तीस वर्षांत तिनं पेशंट नेले, शाळेची पोरं नेली, दुधाचे कॅन, मंडपाच्या खुर्च्या, वरातीतली म्हातारी माणसं आणि निवडणुकीचे भोंगे नेले. हिंदी सिनेमात तिनं माणसंही पळवली. इंजिन साधं, पार्ट स्वस्त, आणि तिचं काम येणारा मिस्त्री कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडणार. शेवटी टकरीच्या सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम आले, त्यात ती बसेना. ड्रायव्हरचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये नंबरप्लेटीशिवाय फारसं काही नसणाऱ्या गाडीचं ते व्हायचंच होतं. तरीही वीस वर्षांची ओम्नी नीट ठेवली असेल तर आजही चालते. आमच्या आळीत एक चालते आहे. तिचे मालक निवृत्त गुरुजी आहेत, दर पावसाळ्यानंतर स्वतः गाडीखाली झोपून पाइपानं चिखल धुतात. तुम्ही त्यांना भेटलात तर तुम्हाला त्यांची दया येईल.

आता ‘घरगुती वापर’. मागचं रबरी मॅट उचललं तेव्हा खाली पत्र्यात बोल्टांची भोकं दिसली, दोन समोरासमोर रांगांत. तिथं बाकडी होती. मागच्या काचेवर खरवडलेल्या रेडियमची अक्षरं तिरप्या उन्हात अजून वाचता येतात: कूर, मुदाळ तिट्टा, आदमापूर. म्हणजे गाडी वडापला होती, भाड्याची माणसं भरून फिरत होती. अमावस्येला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारी माणसं तुम्ही घरचीच मानत असाल तर वापर घरगुती होता, हे मी मान्य करतो. घर मोठं होतं, एवढंच. जास्तीत जास्त आठ माणसांसाठी बनवलेल्या गाडीत तुमच्या या एकत्र कुटुंबाची किती मंडळी बसत होती ते पाट्यांनी सांगितलं. मागचे पाटे उलटे वाकायला आले होते, त्यांची बुशं जाऊन लोखंडाला लोखंड घासत होतं. क्लचप्लेट गुळगुळीत झाली होती. तिसऱ्या गिअरवर इंजिन ओरडायचं आणि गाडी तिथंच. क्लच सेट टाकला, क्रॉस बदलला, मागचे ब्रेक सिलिंडर गळत होते म्हणून किट टाकलं, लायनर टाकले. हे सगळं जुन्या गाडीचं नेहमीचं दुखणं, त्याबद्दल एवढं मोठं पत्र कोणी लिहीत नाही.

पत्र लिहायला बसवलं ते गाळानं.

सरकत्या दरवाजाचं खालचं रोलर बदलायचं म्हणून आतलं पॅनेल काढलं. आत दोन बोटं वाळलेला गाळ. राखाडी, बारीक, चिरा पडलेला. आमच्या बाजूचा चिखल तांबडा असतो. कडगाव-पाटगावच्या रस्त्याला फिरलेली गाडी तांबडी होते. हा गाळ नदीचा होता. मिस्त्रींनी तो बोटांवर चोळून बघितला, दुसऱ्या दरवाजाचं पॅनेल न सांगताच काढलं, मग मागच्या दिव्यांच्या काचा. सगळीकडं एकाच उंचीपर्यंत. ‘‘मालक,’’ ते म्हणाले, ‘‘ही गाडी पवून आलीया.’’

कोल्हापूरच्या माणसाला यापुढं सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टात आणि २०२१च्या जुलैत ती पन्नाशीच्याही वर गेली. त्या दोन्ही वर्षी शहरात आणि नदीकाठच्या गावांत किती गाड्या टपापर्यंत पाण्यात उभ्या होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पूर ओसरल्यावर त्यांतल्या बऱ्याच वाहून गेल्या नाहीत, विकल्या गेल्या. धुतल्या, वाळवल्या, सीटकव्हर नवं, सुवासिक बाटली डॅशबोर्डवर, आणि जिथं पाण्याची रेघ कोणी शोधणार नाही अशा लांबच्या तालुक्यात रवाना. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं वाईट असं की ती लगेच मरत नाही. वायरिंगच्या जोडांत हिरवं कीटण धरतं, ते हळूहळू पसरतं. आज हॉर्न जातो, पुढच्या महिन्यात वायपर, मग ऐन पावसात दोन्ही एकदम. सेल्फ लागत नाही म्हणून बॅटरी नवी घ्यावी, तर दोष अर्थिंगच्या वायरीत. डायनामो बदलावा, तर तोही चांगलाच होता. गाडी प्रत्येक वेळी दुसराच गुन्हेगार दाखवते. या बाबतीत ती तुमच्याकडून काही शिकली असावी.

‘पत्रा वरिजनल’ हे वाक्य मात्र मी खोटं म्हणणार नाही. जेवढा उरला होता तेवढा ओरिजिनलच होता. बाकीची लांबी होती. मिस्त्रींनी चुंबक फिरवला तर तो चाकांच्या कमानींवरून, दरवाजाच्या खालच्या पट्टीवरून, पायदानावरून सरळ घसरून पडला. तीन ठिकाणी लांबीच्या आत पोत्याचा तुकडा निघाला आणि एका ठिकाणी वर्तमानपत्र. तारीख वाचता आली नाही, पण पान क्रीडेचं होतं.

आणि खालून मारलेला तो काळा रंग! अंडरकोटिंग म्हणून तुम्ही त्याचे वेगळे दोन हजार लावले होते. अंडरकोटिंग चांगलं असतं, पण ते कोरड्या, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर. ओल्या गंजावर डांबरी लेप दिला की ओल आत कोंडते आणि गंजाला निवांत काम करायला मिळतं, वर छप्पर, बाहेरून कोणी बघत नाही. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. अंगाचा पत्रा हीच तिची हाडं. मागचे पाटे ज्या कड्यांत अडकतात त्या कड्याही त्याच पत्र्याला धरून. तिकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात, कडगावच्या अलीकडं, एका खड्ड्यात डाव्या बाजूची कडी पत्र्यासकट उपसून आली. एक्सल तिरका झाला. मी सरळ चाललो होतो, मागचं चाक स्वतःच्या मतानं वेगळीकडं निघालं होतं. मिस्त्रींचा निकाल एका ओळीचा होता: ‘‘पाटा गेला न्हाई मालक, पाटा ज्याला धरून बसतोय त्यो पत्राच गेलाय.’’

माझं दुकान शालेय साहित्याचं. गाडी घेतली ती आतल्या गावांतल्या शाळांना वह्या-पुस्तकं पोचवायला. वरून पाऊस येतो म्हणून मी टपाला ताडपत्री बांधून होतो. पाणी खालून आलं. चाकानं उडवलेलं, पायदानाच्या भोकातून, दोनशे पानी वह्यांच्या गठ्ठ्यात. ज्या शाळेच्या त्या वह्या होत्या, तिथल्या मुख्याध्यापकबाईंनी ओल्या वह्या ऊन पडेल तेव्हा व्हरांड्यात वाळत घालू दिल्या आणि मला एक प्रश्न विचारला: ‘‘भाऊ, गाडीला खाली काही आहे का?’’ हा प्रश्न तुमच्याकडं पाठवतो. पत्र्याच्या कामाला बारा हजार गेले, रंग सोडून. रंग दिलेला नाही. वेल्डिंगचे डाग उघडे ठेवले आहेत, पुढच्या माणसाला दिसावेत म्हणून.

इंजिनाबद्दल तुम्ही म्हणालात, हात लावायचं काम नाही. मिस्त्रीही पहिल्या दिवशी तेच म्हणाले होते, फक्त वेगळ्या अर्थानं: ‘‘ह्येला आत्ता हात लावू नका, लावला की पसारा वाढतोय.’’

पसारा वाढला फोंडा घाटात. कणकवलीकडच्या लग्नाहून परत येत होतो, गाडीत सासुरवाडीची माणसं. तापमानाचा काटा पहिल्या दिवसापासून मेलेला. पण ओम्नीत त्याची गरज पडत नाही, इंजिन बुडाखालीच असतं. निम्मा घाट चढेपर्यंत सीट कोमट होती, मग गरम झाली, मग मी उभ्यानं गाडी चालवता येईल का याचा विचार करू लागलो. वर दाजीपूरच्या अलीकडं दोन्ही सीटांच्या मधून वाफ आली. ‘गवे रस्ता ओलांडतात’ असं सांगणाऱ्या फलकाखाली आम्ही सगळे उतरून उभे राहिलो. झाकण लगेच उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं, हे निदान माहीत होतं. इंजिन निवल्यावर सोलकढीच्या बाटल्या सोडून गाडीतली पिण्यासारखी प्रत्येक गोष्ट रेडिएटरात ओतली. सासऱ्यांनी एकही शब्द उच्चारला नाही. जावयाला न बोलता सुनावायची ती कोकणी पद्धत अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उघडला आणि आत हळद निघाली. हो, हळद. गळती तात्पुरती बुजवायला रेडिएटरात मूठभर हळद टाकायचा उपाय फार जुना आहे. रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरला घरापर्यंत पोचवण्यापुरता तो चालतोही. तुम्ही तो गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्यापुरता वापरलात. हळदीनं गळती बुजते आणि तिच्यासोबत बारीक नळ्याही बुजतात. त्यात कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, त्याचा पांढरा थर आतून धरलेला. थर्मोस्टॅट तर जागेवर नव्हताच. गाडी गरम होते म्हटलं की तो काढून फेकायचा, ही आपल्याकडची सर्रास चाल. मग सकाळी इंजिन वेळेत तापत नाही, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, रिंगा लवकर झिजतात, आणि घाटात ते तापायचं ते तापतंच, कारण मूळ दुखणं रेडिएटरात असतं.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असणार, कारण ती लपवण्यासाठी तुम्ही बरीच मेहनत घेतली होती. हेड गॅसकेट जळालेलं. डिपस्टिक काढली तर ऑईल दुधी, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. अॅल्युमिनिअमचं हेड तापून वाकलेलं, ते कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवून फेसिंग करून आणलं. निळा धूर दिसू नये, आवाज येऊ नये म्हणून इंजिनात तुम्ही काकवीइतकं दाट ऑईल भरलं होतं. सौद्याच्या वेळी गाडी आधीच गरम करून ठेवली होती, तेही आता कळलं. थंड इंजिन पहिल्यांदा चालू करताना सायलेन्सरकडं बघायचं असतं: निळा धूर असेल तर ऑईल जळतंय, पांढरा आणि गोडूस वासाचा असून थांबत नसेल तर पाणी जळतंय, काळा असेल तर पेट्रोल वाया जातंय. तुमच्या गाडीनं हे तिन्ही रंग दाखवले. मिस्त्रींनी हाफ इंजिनचं काम सांगितलं आहे. रिंगा, बेअरिंग, गॅसकेट सेट, व्हॉल्व्ह बसवणं आणि मजुरी धरून आकडा वीस हजारांच्या वर जातो. म्हणून ते हेड अजून गोणपाटावर आहे.

मध्येच एक गोष्ट, जिचा दोष तुमच्यावर घालता येत नाही. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. त्यातलं काही इथेनॉल उसाचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यानं त्यात हातभार लावलेलाच आहे. बिद्रीच्या साखर कारखान्याला घातलेल्या उसाची बिलं ज्यांच्या घरी येतात त्यांनी तक्रार करणं शोभत नाही. पण २००५ सालची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या, सील कडक करतं, चिरवतं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, असं केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५च्या ऑगस्टात सांगितलं. मी नळ्या बदलल्या. इंजिन माणसाच्या बुडाखाली असलेल्या गाडीत पेट्रोलची नळी चिरलेली ठेवणं मला जमलं नाही. तुम्हाला जमलं होतं.

आता कागद. इथं तुमची खरी कला दिसते; यंत्राचं काम त्यामानानं बाळबोध होतं.

‘पासिंग हाय’ म्हणालात. होतं, नोव्हेंबर २०२५पर्यंत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२० साली या गाडीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५मध्ये नवा नियम आला आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाली. मुदत संपल्यावर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये वेगळे. त्याशिवाय पर्यावरण कर, पीयूसी, आणि नवी एचएसआरपी नंबरप्लेट, जिला चारचाकीसाठी जीएसटी सोडून ७४५ रुपये. सरकारला जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी करायच्या आहेत, २०२१च्या स्क्रॅप धोरणापासून ते उघड आहे, आणि धुराचा विचार केला तर त्यात गैर काही नाही. पण पासष्ट हजारांच्या गाडीला रस्त्यावर नुसतं उभं राहायला तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा लागतो, हे ‘चावी मारायची आनि सुटायचं’ यात कुठं बसतं?

‘इन्शुरन्स हाय’. तुम्ही मोबाइलवर पाठवलेल्या पॉलिसीवर नंबर या व्हॅनचा आहे, हे खरं. हजार सीसीच्या आतल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीचा दर जून २०२२पासून २,०९४ रुपये आहे. तुमच्या कागदावर ७१४ आहेत. तो दर दीडशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा. चार चाकं, सरकते दरवाजे आणि मागं बाकडी असलेली मोटारसायकल तुम्ही विमा कंपनीला कशी दाखवलीत, हे मला खरंच शिकायचं आहे. ही पॉलिसी घेऊन मी शाळेच्या दारात मुलांच्या गर्दीत गाडी लावत होतो. या एका गोष्टीसाठी मला तुमचा राग येतो. बाकीच्या सगळ्यासाठी थोडंफार कौतुकही आहे.

शेवटी ‘एका हातातली’. नाव लावून घ्यायला गेलो तेव्हा हे वाक्य खरं निघालं. आरसीवर पहिल्या मालकाचंच नाव आहे. मधल्या कोणीही, तुम्ही धरून, गाडी स्वतःच्या नावावर केलीच नाही. मालकी बदलायचा कोरा टीटी फॉर्म हातोहात फिरत आला. कायदा सांगतो की विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत हस्तांतराची खबर द्यावी. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. तुम्ही मला दोन्ही दिलेत, सह्यांसकट.

त्या मालकांचा पत्ता आरसीवर होता, म्हणून गेलो. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या बाजूला घर. निवृत्त गृहस्थ, बोलायला सरळ. त्यांनी चहा दिला आणि गाडीचा फोटो बघून म्हणाले, ‘‘ही अजून हाय?’’ २०२१च्या पुरात ती दारातच बुडाली होती. त्यांनी ती भंगाराच्या भावात एकाला देऊन टाकली, तोडायला म्हणून. तुटली असंच ते चार वर्षं समजत होते. फॉर्म २९ त्यांच्यापुढं ठेवला. सही त्यांच्या नावाची आहे, त्यांनी केलेली नाही. त्यांचा हात कापतो. फॉर्मवरची सही मोठी झोकदार आहे, शेवटच्या अक्षराला खाली गोल शेपूट काढलेलं. तुम्ही मला पैशांची पावती लिहून दिली होती, तिच्यावरही तसंच शेपूट आहे. योगायोग असेल.

त्या गृहस्थांना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यातली गाडीही नाव न बदलता एकामागून एक हातांत गेली होती आणि मग अपघात झाला. न्यायालयानं म्हटलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे वडापात बाकड्यांवर माणसं कोंबून ही व्हॅन मुदाळ तिट्ट्याच्या वळणावर उलटली असती, तर नोटीस त्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात गेली असती, ज्यानं गाडी मेली म्हणून कधीच मनातून काढून टाकली होती. कडगावच्या अलीकडं एक्सल तिरका झाला तेव्हा समोरून एसटी आली असती, तरीही तिथंच. तुमचं नाव कुठंच आलं नसतं. तुम्ही सगळीकडं हात लावलात आणि कुठंही बोट उमटू दिलं नाहीत.

पावतीवर सोडून.

तेव्हा विनंती विशेष अशी. पत्र्याचे, पाट्यांचे, क्लचचे पैसे मी मागत नाही. गाडी मी काही महिने वापरली, ते माझ्याकडं लागू. पासष्ट हजार परत आणून द्या आणि हळदीच्या रेडिएटरासकट गाडी घेऊन जा. येताना मोटारसायकलच्या पॉलिसीचा खुलासा लेखी आणा. त्या गृहस्थांनी पोलिसात द्यायचा अर्ज तयार करून ठेवला आहे, मी माझा केला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि बनावट दस्तऐवजाला ३३६. दोन्ही अर्ज या महिनाअखेरपर्यंत माझ्या दुकानाच्या खणात राहतील. त्यानंतर राहणार नाहीत.

आपला,
सध्या एसटीनं फिरणारा एक गिऱ्हाईक,
गारगोटी

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतर मंडळींसाठी. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुराच्या पाण्याची रेघ तिथं राहते, तो पट्टा शेवटपर्यंत कोणी धुवत नाही. टोकन देण्याआधी परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी सगळं दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण समोरचा माणूस तोच आहे की नाही याची शंका यायला पहिलं अक्षर पुरतं.